शिशातले सोने, सिलिकनातला सिलिकन

लंडनच्या शाही टांकसाळीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम चँडलर रॉबर्ट्स-ऑस्टिन हा रसायनज्ञ आणि धातुपरीक्षक होता. नाण्यांत जाणाऱ्या सोन्यारुप्याचा कस मुक्रर करण्याचे, पेशवाईत जे पोतदाराकडे असे तेच, काम त्याच्याकडे होते. आणि धातूच्या तुकड्यात सोने किती आहे एवढ्याच प्रश्नाशी ज्याची नित्याची गाठ, त्याने एके दिवशी ते सोने तिथवर पोहोचते कसे असे विचारावे, ह्यात नवल मानण्याचे कारण नाही. त्यातून तो तरुणपणी थॉमस ग्रॅहमच्या हाताखाली तयार झालेला. ग्रॅहम अधिकाराने टांकसाळीचा प्रमुख असला, तरी विज्ञानात त्याचे नाव टिकले आहे ते वायू एकमेकांत कोणत्या गतीने पसरतात ह्याचा नियम त्याने १८३३ साली मांडला म्हणून. गुरूने वायू आणि द्रव ह्यांच्यापर्यंत नेऊन ठेवलेला विषय शिष्याने घन धातूंपर्यंत आणला, आणि १८९६ साली रॉयल सोसायटीपुढे दिलेल्या बेकेरियन व्याख्यानात आपल्या प्रयोगांचा सारा तपशील सादर केला.

प्रयोग दिसायला अगदी साधा होता. शिशाचा एक उभा दंडगोल घ्यायचा, त्याच्या बुडाशी सोन्याची चकती किंवा सोन्याचे प्रमाण भरपूर असलेला मिश्रधातू बसवायचा, आणि शिसे ज्या ३२७ अंशांना वितळते त्याच्या बऱ्याच खाली, दोनशे-अडीचशे अंशांच्या स्थिर उष्णतेत, ही जोडी दिवसचे दिवस ठेवून द्यायची. मुदत भरल्यावर दंडगोलाच्या आडव्या चकत्या कापायच्या आणि प्रत्येक चकतीत सोने किती शिरले ते टांकसाळीच्या नेहमीच्या रीतीने तपासायचे. ही रीत म्हणजे हाडांच्या राखेच्या उथळ मुशीत धातू तापवणे; शिशाची भस्मरूप राख मूस शोषून घेते आणि सोन्याचा मणी तेवढा मागे उरतो. सोन्याचा कस पाहताना परीक्षकाला एरवी शिसे मुद्दाम घालावे लागते. इथे ते आधीच हजर होते, आणि प्रयोगासाठी हीच दोन द्रव्ये निवडण्यात टांकसाळीच्या माणसाचा व्यवहारीपणा दिसतो. तपासणीअंती आढळले ते असे की, सर्वांच्या समजुतीप्रमाणे जागच्या जागी खिळून असलेल्या अणूंच्या त्या घन धातूतून सोने वर चढत गेले होते, आणि चकती जितकी बुडापासून दूर तितके त्याचे प्रमाण नियमाने कमी होत होते. एवढ्याने समाधान न होऊन त्याने सोने आणि शिसे एकमेकांना घट्ट दाबून चार वर्षे साध्या हवेच्या तापमानात ठेवले, आणि १९०० साली जाहीर केले की तिथेही शिशाच्या आत सोन्याचा अंश सापडतो.

चकत्यांमधल्या ह्या उतरत्या प्रमाणाला गणिताचे रूप देण्याची सोय चाळीस वर्षांपूर्वीच झालेली होती. अडोल्फ फिक हा शरीरशास्त्रज्ञ. क्षार आणि पाणी ह्यांची पडद्यांतून होणारी देवघेव हा त्याच्या धंद्याचाच विषय. उष्णतेच्या वहनासाठी फूरिएने आणि विजेच्या वहनासाठी ओमने जी समीकरणे बसवली होती, तीच पदार्थाच्या पसरण्यालाही लागू पडावीत असे त्याने १८५५ साली मांडले: द्रव्याचा ओघ दाटीकडून विरळाईकडे जातो, आणि दाटीचा उतार जितका तीव्र तितका तो ओघ मोठा. ओघ आणि उतार ह्यांचे गुणोत्तर म्हणजे विसरण गुणांक. ह्या समीकरणातून एक गोष्ट निघते, आणि पुढची सारी हकीकत तिच्यावरच उभी असल्यामुळे ती इथेच सांगून टाकलेली बरी. विसरणाने अणू किती अंतर जातात ते काळाच्या प्रमाणात वाढत नाही, काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट अंतरासाठी चौपट, आणि दहापट अंतरासाठी शंभरपट मुदत लागते. कारण अणूला कोठे जायचे हे ठाऊक नसते. स्फटिकात तो एका जागी थरथरत असतो, आणि क्वचित शेजारचे स्थान रिकामे सापडले की त्यात उडी घेतो, जसा भरल्या पंगतीत एखादा पाट रिकामा झाला की शेजारचा सरकून बसतो आणि त्याची जागा आता तिसऱ्याला मोकळी होते. उडी पुढे पडेल की मागे, ह्याला काही नियम नाही. अशा असंख्य दिशाहीन उड्यांची बेरीज म्हणजे विसरण. आणि उड्या घेण्याची क्षमता तापमानावर इतकी अवलंबून की, शे-दोनशे अंशांच्या फरकाने गुणांक हजारपटींनी वरखाली व्हावा.

ह्या दृष्टीने पाहिले तर रॉबर्ट्स-ऑस्टिनवर दैवाची मेहेरनजरच होती असे म्हणावे लागते. सोने शिशात जितक्या वेगाने पसरते तितके शिसे स्वतः शिशात पसरत नाही. दोनशे अंशांच्या आसपास दोहोंच्या गुणांकांत दहा हजार पटींहूनही अधिक अंतर आहे, कारण सोन्याचा अणू रिकाम्या स्थानांची वाट न पाहता शिशाच्या अणूंच्या मधल्या फटींतूनही वाट काढतो. ही गोष्ट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उलगडली. त्याने दुसरी एखादी जोडी निवडली असती, तर चार वर्षांनंतरही त्याच्या मुशीत मणी दिसला नसता, आणि घन पदार्थांत विसरण होत नाही ही समजूत आणखी काही काळ निर्वेधपणे अंमल गाजवत राहिली असती.

पण सोने शिशात किती जाते ह्यापेक्षा शिसे शिशात किती जाते हा प्रश्न अधिक मूलभूत आहे. बाहेरचा पाहुणा आला की घरातील वर्तन बदलते. धातूचे अणू एरवी, आपसांत, कसे वावरतात हे कळायचे तर परका अणू मध्ये आणून चालणार नाही. आणि इथेच कसोटीची सारी विद्या थिटी पडते. शिशाच्या एका अणूची शिशाच्या दुसऱ्या अणूशी अदलाबदल झाली, तर ती कोणत्या रसायनाने ओळखावी? मूस, आम्ल, तराजू ह्यांच्या दप्तरी दोघांची नोंद एकच.

ह्यातून वाट काढली ती जॉर्ज फॉन हेवेशीने. किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या मालिकांत शिशाचेच, पण किरणे टाकणारे, असे समस्थानिक सापडतात. रसायनाच्या दृष्टीने ते शिसेच, फक्त प्रत्येकाच्या अंगावर जणू सरकारी शिक्का मारलेला. हेवेशीने १९२० च्या सुमारास हे शिक्क्याचे शिसे साध्या शिशाच्या संपर्कात आणून वितळलेल्या शिशातले विसरण मोजले. घन शिशात मात्र पहिल्या प्रयत्नात काही हाती लागले नाही, कारण गती अतिमंद आणि चकत्या जाड. तेव्हा त्याने चकत्या कापणेच सोडून दिले. आल्फा कण धातूत केसाच्या जाडीहूनही कमी अंतर जाऊन थांबतात. म्हणजे पृष्ठावर लावलेले किरणोत्सर्गी शिसे थोडेसे जरी आत शिरले, तरी बाहेर येणाऱ्या कणांची गणती घटते. ही घट मोजून १९२५ साली घन शिशातील स्वयंविसरणाचा, म्हणजे शिशाच्याच शिशात पसरण्याचा, आकडा मिळाला; पुढे त्याहूनही आखूड पल्ल्याच्या प्रतिक्षेपित, म्हणजे कण सोडताना उलट धक्का बसलेल्या, अणूंची घटही मोजली गेली. चकती पातळ झाली की प्रयोगाचा आवाका वाढतो, हा ह्या प्रकरणातला खरा धडा आहे, आणि यापुढची पाऊणशे वर्षे त्याचीच गिरवणी चालू होती.

किरणोत्सर्गी शिक्क्याने अनेक धातूंचे हिशेब चुकते केले. चांदी, तांबे, लोखंड ह्यांचे बहुतेक आकडे आपल्याला त्याच मार्गाने मिळाले आहेत. पण निसर्गाने हा शिक्का सर्वांना सारखा दिलेला नाही. ऑक्सिजनच्या किरणोत्सर्गी समस्थानिकांत सर्वांत दीर्घायुषी जो, त्याचेही अर्धायुष्य जेमतेम दोन मिनिटांचे. भट्टी तापेपर्यंतच तो बरखास्त व्हायचा. नायट्रोजनची मजल दहा मिनिटांपर्यंत जाते. सिलिकनचा हाताळण्याजोगा समस्थानिक अडीच-पावणेतीन तास टिकतो, आणि सिलिकनाचा स्फटिक तर असा की त्यातले स्वयंविसरण पाहायचे म्हणजे दिवसच नव्हे, कधी आठवडे उलटून जावेत. आता पृथ्वीच्या कवचात सर्वाधिक असलेली मूलद्रव्ये ऑक्सिजन आणि सिलिकन हीच दोन. खडक, चिनीमाती, काच, काँक्रीट, आणि आजचा सारा विद्युत्कणी व्यवहार ह्यांच्यावर चालतो. ज्यांची गरज सर्वांत मोठी त्यांचीच गती मोजता येऊ नये, ही कैफियत बरीच वर्षे निकालावाचून पडून राहिली होती.

निकाल लागला तो अणूच्या वजनाने. ज्याचा शिक्का पुसला जात नाही, ज्याचे आयुष्य संपत नाही, असा एकच भेद एका मूलद्रव्याच्या अणूंत उरतो, तो म्हणजे वस्तुमानाचा. जोसेफ जॉन टॉमसनने निऑन वायूच्या धनभारित किरणांना चुंबकीय आणि विद्युत् क्षेत्रांतून वळवले, तेव्हा छायाचित्राच्या काचेवर अपेक्षित एका वक्राच्या जोडीला दुसरा, फिकट, वक्र उमटला: एक २० वस्तुमानाचा, दुसरा २२ चा. हे १९१२-१३ मधले. त्याचाच साहाय्यक फ्रान्सिस ॲस्टन ह्याने १९१९ साली ह्या कल्पनेला वस्तुमानाच्या वर्णपटमापकाचे नेटके यंत्ररूप दिले आणि एकामागून एक मूलद्रव्यांचे समस्थानिक वेगळे करून दाखवले. तत्त्व एका वाक्यात सांगता येते: भारित अणू चुंबकाच्या क्षेत्रातून धावताना वळतो, आणि जो जड तो कमी वळतो. हलका ऑक्सिजन १६, जड ऑक्सिजन १८. निसर्गात दुसऱ्याचे प्रमाण शेकड्यास सुमारे ०.२. जड ऑक्सिजन वेगळा काढून, गोळा करून, तो प्रयोगात शिक्क्यासारखा वापरला, तर त्याला मुदतीचे भय नाही. भट्टीत तो वर्षभर राहिला तरी जसाच्या तसा बाहेर येईल.

राहिला प्रश्न चकत्यांचा. आणि हा मामला फार जिकिरीचा. काटेकोर कातकामाने काही मायक्रोमीटर जाडीच्या चकत्या काढता येतात. अकरा-बारा दिवसांची, म्हणजे सुमारे दहा लाख सेकंदांची, मुदत धरली आणि दहा मायक्रोमीटरांचे अंतर मोजता आले, तर सर्वांत लहान जो गुणांक हाती लागेल तो सेकंदाला १०⁻¹⁶ चौरस मीटरच्या घरातला. तेच अंतर दहा नॅनोमीटरपर्यंत मोजता आले, तर त्याच मुदतीत १०⁻²² चा गुणांक आवाक्यात येतो. अंतर हजारपट बारीक झाले की गुणांकाची हद्द दहा लाख पटींनी खाली सरकते. वर्गमुळाचा जो नियम प्रयोगकर्त्याला वर्षानुवर्षे वाट पाहायला लावत होता, तोच आता उलट बाजूने त्याच्या उपयोगी पडतो.

इतक्या पातळ चकत्या कापणारे पाते कोणत्याही लोहाराकडे मिळणार नाही. ते पाते आयनांचेच, म्हणजे भारित अणूंचेच, करावे लागले. वेगवान भारित अणू धातूवर आदळले की धातूतून दुय्यम भारित कण उडतात, हे टॉमसनने १९१० सालीच नमूद करून ठेवले होते; परंतु त्याचा उपयोग करण्याची तजवीज व्हायला चाळीस वर्षे गेली. व्हिएन्नात हेर्त्सोग आणि फीबॉक ह्यांनी १९४९ च्या सुमारास असा दुय्यम आयनांचा उगम वर्णपटमापकाला जोडला. नंतर पॅरिसजवळच्या ओर्से येथे रेमों कास्तें आणि त्यांचे विद्यार्थी जॉर्ज स्लोद्झियाँ ह्यांनी १९६२ मध्ये असे उपकरण जाहीर केले की, पदार्थाच्या पृष्ठावर कोणते मूलद्रव्य कोठे आहे ह्याचे चित्रच त्यात दिसावे. अमेरिकेत ह्याच काळात अशा यंत्रांवर पैसा खर्च होत होता तो चंद्रावरून येणाऱ्या दगडांकडे लक्ष ठेवून. विसरण मोजणे हा ह्यांपैकी कोणाचाही पहिला हेतू नव्हता.

यंत्र चालते ते असे. निर्वात पात्रात नमुना ठेवलेला असतो. त्याच्यावर ऑक्सिजनच्या किंवा सीझियमच्या आयनांचा झोत, काही शे ते काही हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा, चौकोनी पट्ट्यात मागेपुढे फिरवला जातो. प्रत्येक आयन आदळला की पृष्ठाचे थोडे अणू उडतात. त्यांतले बहुतेक भाररहित असतात आणि वाया जातात, शंभरात एखादा, कित्येकदा त्याहूनही कमी, भारित होऊन निघतो. हाच काय तो कामाचा. त्याला विद्युत् क्षेत्राने ओढून घ्यायचे, चुंबकातून वळवायचे आणि त्याच्या वस्तुमानाप्रमाणे मोजायचे. झोत चालू राहतो तसा नमुना थराथराने झिजत जातो आणि गणती क्षणाक्षणाला खोलीची हकीकत सांगत जाते. ऑक्सिजनचा झोत बोरॉन किंवा धातू ह्यांसारख्या, धन भार सहज घेणाऱ्या, अणूंना बोलके करतो. सीझियमचा झोत ऑक्सिजनासारख्या ऋण भार घेणाऱ्यांना. योग्य जोडी जमली तर दहा लाखांत एक, आणि अनुकूल प्रकरणी अब्जांत काही, इतका विरळ परका अणूही हजेरीपटावर सापडतो.

आता ह्या सगळ्या डौलात एक गोष्ट वाचकाच्या नजरेतून निसटण्याचा संभव आहे. वर्णपटमापक जे सांगतो ते वेळेच्या भाषेत: अमुक सेकंदाला अमुक इतके जड अणू. फिकच्या समीकरणाला हवी असते खोली. वेळेचे खोलीत रूपांतर कसे करायचे? प्रयोग संपल्यावर झोताने खणलेला खड्डा, जो रुंदीला मिलिमीटरच्या काही दशांशांचा आणि खोलीला पुष्कळदा एका मायक्रोमीटरहूनही कमी असतो, त्याच्यावरून हिऱ्याच्या टोकाची एक सुई हलकेच फिरवायची आणि तिची चढउतार नोंदवून तळाची खोली काढायची. मग खणण्याचा वेग सर्वकाळ सारखा होता असे धरून वाटणी करायची. विसरण गुणांकात अंतराचा वर्ग येतो. म्हणून सुईची शेकडा पाचांची चूक निकालात शेकडा दहांची होऊन बसते. लौकिक वर्णपटमापकाचा होतो, पण आकड्याचा भरवसा बव्हंशी त्या सुईवर असतो, आणि माझ्या मते ह्या पद्धतीवर लिहिणाऱ्यांनी सुईला आजवर तिच्या योग्यतेचा मान दिलेला नाही.

सिलिकनाच्या प्रकरणात ही सारी सामग्री कशी एकवटली ते पाहण्यासारखे आहे. नैसर्गिक सिलिकनात २८ वस्तुमानाचे अणू शेकडा ९२ हून थोडे अधिक, २९ चे पावणेपाचच्या आसपास आणि ३० चे तीनच्या आसपास. ब्राख्त, हॅलर आणि क्लार्क-फेल्प्स ह्यांनी जवळजवळ शुद्ध २८ चा एक थर नैसर्गिक सिलिकनाच्या स्फटिकावर वाढवून घेतला. रसायनाच्या, स्फटिकरचनेच्या, विजेच्या कोणत्याही कसोटीने पाहा, थर आणि त्याखालचा स्फटिक ह्यांत सीमारेषा दिसणार नाही. वस्तुमानाच्या कसोटीने मात्र २९ आणि ३० चे प्रमाण तिथे कड्यासारखे एकदम तुटते. नमुना तापवला की हा कडा ढासळू लागतो, आणि त्याचा उतार किती सौम्य झाला ते दुय्यम आयनांच्या गणतीतून कळते. त्यांनी ८५५ ते १३८८ अंश तापमानांत हे मोजले आणि १९९८ साली निकाल प्रसिद्ध केला: ह्या पट्ट्यात गुणांक सुमारे सात घातांकांनी वाढत जातो, म्हणजे १३८८ अंशांना ८५५ पेक्षा जवळजवळ कोटी पटींनी मोठा होतो, आणि तरीही सर्व बिंदू एकाच सरळ रेषेत बसतात. त्या रेषेचा उतार ४.७५ इलेक्ट्रॉन व्होल्ट; सिलिकनाच्या अणूला स्थलांतर करण्यासाठी भरावी लागणारी ही पट्टी. ८५५ अंशांच्या खालच्या टोकाला गुणांक १०⁻²³ चौरस मीटरांच्या घरात येतो. वर केलेल्या आपल्या अंदाजाचा हा दाखला म्हणायला हरकत नाही.

एका भल्या मोठ्या उद्योगाचे ह्या आकड्यांवर लक्ष होते, हे सांगायला नकोच. सिलिकनाच्या चिपेत बोरॉन किंवा फॉस्फरस नेमक्या खोलीवर नेमक्या प्रमाणात पेरावा लागतो. आयनांच्या माऱ्याने बोरॉन पेरल्यावर स्फटिकाची दुरुस्ती करायला तो तापवला की बोरॉन पाठ्यपुस्तकातल्या गुणांकापेक्षा कितीतरी जोराने पसरतो, कारण माऱ्याने जागा सोडलेले सिलिकनाचे अणू त्याला वाहून नेतात. आणि ते जादा अणू संपले की ही घाई आपोआप थांबते. दुय्यम आयनांच्या आलेखांत ही शिताफी उघडी पडली नसती, तर चिपा इतक्या लहान करणे जमलेच नसते. फॉस्फरसाच्या बाबतीत आणखी एक तोतया भेटतो. त्याचे वस्तुमान ३१. आणि ३० च्या सिलिकनाला एक हायड्रोजन चिकटला की तेही ३१. फरक आहे, पण ३०.९७४ आणि ३०.९८२ एवढाच. चार हजारांत एकाचा भेद करू शकणारा चुंबक नसेल तर नमुन्यात नसलेला फॉस्फरस कागदोपत्री भरपूर दिसतो.

ऑक्सिजनाचे काम वेगळ्या वळणाचे. उच्च तापमानाच्या इंधनघटात झिरकोनियमच्या ऑक्साइडसारखा भाजीव पदार्थ वापरतात, आणि त्यातून ऑक्सिजनचे आयन किती सहज धावतात ह्यावर घटाचे सगळे भवितव्य अवलंबून असते. लंडनच्या इम्पीरियल महाविद्यालयात जॉन किल्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या मोजमापाची घडी बसवली. नमुना आधी साध्या ऑक्सिजनात, ज्या तापमानाला आणि दाबाला प्रयोग करायचा त्याच तापमानाला आणि दाबाला, पुरेसा वेळ ठेवतात. त्यामुळे आत-बाहेर ऑक्सिजनचा एकूण साठा समतोल होतो. मग वायू बदलून जड ऑक्सिजनाने समृद्ध केलेला वायू सोडतात. आता देवघेव होते ती फक्त जड आणि हलक्यांची. रासायनिक ओढ काहीच उरत नाही, म्हणून मिळणारा आकडा निखळ विसरणाचा असतो. मुदत संपताच नमुना झपाट्याने थंड करून त्याच्या खोलीचा आलेख काढतात. मोजणीत १८ च्या अणूंची नुसती संख्या न घेता १६ आणि १८ ह्यांच्या एकूण बेरजेतील १८ चा हिस्सा घेतात. झोत मध्येच मंदावला किंवा पृष्ठाचा गुण बदलला, तरी दोघांवर सारखाच परिणाम होऊन हिस्सा कायम राहतो. ह्या एकाच आलेखातून दोन गोष्टी निघतात: आतल्या उतारावरून विसरण गुणांक, आणि पृष्ठालगतची पातळी वायूच्या पातळीपेक्षा किती खाली राहिली त्यावरून वायूतला ऑक्सिजन पृष्ठावर किती तत्परतेने दाखल होतो त्याचे माप. पुष्कळ पदार्थांत अडसर आत नसून उंबरठ्यावर असतो, हे कळण्याला हीच रुजवात कारणीभूत झाली.

पद्धतीचे दोषही सांगितले पाहिजेत. झोताचा प्रत्येक आयन पृष्ठावर आदळताना वरच्या अणूंना काही नॅनोमीटर आत ढकलतो. त्यामुळे कडा तीक्ष्ण असला तरी तो यंत्राला थोडा ढासळलेलाच दिसतो. न तापवलेल्या नमुन्याचा आलेख आधी काढून ठेवणे आणि तापवलेल्याच्या रुंदीतून ती रुंदी वजा घालणे, ही त्याच्यावरची खातरजमा. पृष्ठावर धातूचा जाड थर असेल तर वरून खणत गेल्यास तो धातू खोल ढकलला जाऊन विसरणाचा भास होतो. म्हणून नमुना उलटा करून, पाठीकडून पातळ करून, विरळाईकडून दाटीकडे खणत जाण्याची युक्ती करतात. खड्ड्याच्या भिंतींवरून निघालेले आयन तळाच्या हकीकतीत भेसळ करतात, तेव्हा फक्त मधल्या भागातलेच आयन हिशेबात धरायचे. पुष्कळ भाजीव पदार्थ वीज वाहत नाहीत, त्यांच्या पृष्ठावर भार साचतो. त्याला इलेक्ट्रॉनांचा उतारा. आणि अनेक स्फटिककणांच्या धातूत प्रत्येक कण त्याच्या दिशेप्रमाणे वेगवेगळ्या वेगाने झिजतो, तळ खडबडीत होतो. शिवाय कणांच्या सीमांवरून अणू आतल्यापेक्षा फार जलद धावत असल्याने आलेखाला एक लांबट शेपूट फुटते, ज्याचा हिशेब स्वतंत्र ठेवावा लागतो.

वस्तुमानाच्या कसोटीने विसरण मोजायचे तर खणलेच पाहिजे असे मात्र नाही. खडकातल्या पोटॅशियमचा एक विरळ समस्थानिक, ४० वस्तुमानाचा, सव्वाशे कोटी वर्षांच्या अर्धायुष्याने झिजतो, आणि त्याचा सुमारे दहावा हिस्सा आर्गॉन वायूत रूपांतरित होतो. हा वायू खनिजाशी कोणताही रासायनिक संबंध ठेवीत नाही. तापमान चढे असेल तर विसरणाने निसटून जातो, पुरेसे उतरले की कैद होतो. खनिजाचे तुकडे अणुभट्टीत ठेवून त्यातल्या पोटॅशियमचा काही भाग ३९ वस्तुमानाच्या आर्गॉनमध्ये बदलायचा आणि मग नमुना प्रयोगशाळेत पायरीपायरीने तापवत प्रत्येक पायरीला सुटणारा वायू वर्णपटमापकात घ्यायचा, ही रीत मेरिह्यू आणि टर्नर ह्यांनी १९६६ मध्ये घालून दिली. अमुक तापमानाला अमुक वेळात ३९ च्या आर्गॉनचा कितवा हिस्सा सुटला हे कळले, आणि तुकड्यांचा आकार ठाऊक असला, म्हणजे त्या तापमानाचा विसरण गुणांक निघतो. त्या गुणांकांवरून, खडक अमुक गतीने थंड होत असताना कोणत्या तापमानाला आर्गॉन कैद झाला, तेही काढता येते; डॉडसनने १९७३ साली दिलेले सूत्र ह्याच कामाचे. हॉर्नब्लेंडाला हे तापमान पाचशे अंशांच्या आसपास पडते, कृष्ण अभ्रकाला तीनशेच्या आसपास.

दख्खनच्या काळ्या पाषाणाचे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचे वय ठरवण्यात ह्या पद्धतीचा मोठा वाटा आहे, आणि मुंबईत पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतही तिची प्रयोगशाळा आहे. लाव्हा उघड्यावर चटकन थंड होत असल्यामुळे कैदेचे तापमान कोणते ह्याचा प्रश्न तिथे फारसा उद्भवत नाही; अडचण निराळीच उभी राहते. एवढ्या दीर्घ काळात पाऊसपाण्याने बेसाल्टाच्या कणांच्या कडा आणि काचेचे अंश बदलून गेलेले असतात, आणि अशा बदललेल्या भागातून आर्गॉन साध्या हवेच्या तापमानालाही हळूहळू गळत असतो. म्हणून तापवण्याच्या पहिल्या पायऱ्यांना जो वायू येतो तो खडकाचे वय पुष्कळदा कमी सांगतो, आणि वय मुक्रर करताना त्या पायऱ्या बाजूला ठेवून पुढच्या, एकसारखे उत्तर देणाऱ्या, पायऱ्याच तेवढ्या जमेस धरतात.